फांदी कुणाची? छाटणी, सरपण आणि शहर



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर आम्हाला ज्ञानमीमांसा शिकवलीत, आणि आता फांद्यांवर बोलणार?" आम्ही त्याला म्हटलं, बाबा रे, आपल्याकडे तत्त्वज्ञानाची सुरुवातच मुळी हातात फांद्या घेऊन झाली आहे. उपनिषदांतला शिष्य गुरूकडे जातो तो 'समित्पाणि' होऊन, म्हणजे हातात समिधा घेऊन. छांदोग्यात इंद्र प्रजापतीकडे आत्मविद्या शिकायला जातो. तिथे तो एकंदर एकशे एक वर्षं राहतो, आणि दर वेळी परत येताना त्याच्या हातात सरपण असतंच. देवांचा राजा झाला तरी गुरूच्या घरचा अग्नी पेटता ठेवायची जबाबदारी त्याला चुकलेली नाही.

तेव्हा विषय लहान आहे, पण हलका नाही. प्रश्न असा आहे: शहरातल्या झाडाची फांदी छाटली, ती खाली पडली. आता ती काय आहे? ती झाडाचा भाग आहे, की कचरा, की सरपण? आणि ती कुणाची? वरवर पाहता ही शब्दांची कसरत वाटेल. पण इतिहासात ज्याने या प्रश्नाचं उत्तर आपल्या बाजूने लावून घेतलं, त्याची चूल पेटली आणि दुसऱ्याची विझली. म्हणून आज तो इतिहास थोडा उलगडून पाहू.

सुरुवात कौटिल्यापासून करू. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात दंडपारुष्याचं प्रकरण आहे, म्हणजे मारहाण, इजा वगैरेंचं. त्याच प्रकरणात, माणसांना आणि जनावरांना केलेल्या इजेनंतर, नगराच्या उपवनातल्या झाडांना केलेली इजा येते. फुलं, फळं किंवा सावली देणाऱ्या झाडाचा कोंब तोडला तर ६ पण दंड. लहान फांदी तोडली तर १२ पण. जाड फांदी तोडली तर २४ पण. खोडालाच हात घातला तर पूर्व साहसदंड, आणि झाड समूळ काढलं तर मध्यम साहसदंड. आता यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे हा कायदा शहरातल्या झाडांचा आहे, जंगलातल्या नव्हे. जंगलातल्या मालासाठी कौटिल्याने कुप्याध्यक्ष नावाचा वेगळा अधिकारी नेमला आहे. दुसरी म्हणजे, दंडाची पायरी इजेच्या पायरीने चढत जाते. कोंब, काटकी, फांदी, खोड. जो जितका जाड तोडेल त्याला तितका जास्त दंड. ही पायरी ध्यानात ठेवा, शेवटाकडे तिची गरज लागणार आहे.

यानंतर एकदम मराठी मुलखात येऊ. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, साधारण १७१५-१६ चं. आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय निघतो. आंबा आणि फणस हीही जहाजाच्या कामाची लाकडं. पण अमात्य बजावतात की त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडून न्यावं. बळजोरी करू नये.

आम्ही हे आज्ञापत्र कितीतरी वेळा वाचलं. पर्यावरणदिनाच्या भाषणांत ते हमखास येतं, आणि 'शिवकालीन वृक्षप्रेम' म्हणून लोक टाळ्या वाजवतात. पण नीट वाचा. तिथे झाडाची कणव आहे, आणि तिच्याआड हक्काचा प्रश्न आहे. ज्याने वाढवलं त्याला विचारा, आणि त्याला त्याचं मोल द्या. सरकारला आरमारासाठी हवं असलं तरीसुद्धा.

आता सव्वाशे-दीडशे वर्षं पुढे. १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमलं गेलं. आपल्या पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे हेच अधीक्षक. पुढे रेल्वे आली, तिला रूळांखाली घालायला स्लीपर हवेत, जळण हवं. १८६५ चा पहिला वनकायदा आला, मग १८७८ चा, जास्त कडक. जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग झाले. कोकणातल्या शेतकऱ्याला या कायद्यातली मेख लगेच कळली, कारण त्याचं सगळं भात झाडाच्या फांद्यांवर उभं होतं.

कसं ते सांगतो. भाताचा तरवा टाकायच्या आधी वाफ्यावर राब भाजतात. ऐनासारख्या झाडांच्या लहान फांद्या, म्हणजे कवळ, थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तोडायचं, वाळवायचं, शेण, पालापाचोळा, गवत यांच्याबरोबर वाफ्यावर पसरायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि पाऊस यायच्या आधी पेटवायचं. तणाचं बी जळतं, राख मिळते, जमीन भुसभुशीत होते. फांदी तोडली तरी झाड जिवंत राहतं, पुन्हा फुटतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच झाडावर चढून लोकांनी कवळ तोडलं. नव्या वनखात्याच्या लेखी मात्र ही झाडाची नासधूस होती. जे काल काम होतं, ते आज गुन्हा झालं.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. राबासाठी फांद्या तोडायच्या की नाही, कुणी, कोणत्या झाडाच्या, किती, हा त्या चौकशीतला एक कळीचा मुद्दा होता. याच सुमारास, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जंगलखात्याने गरिबाची गुरंढोरं आणि त्याचं रानातलं मिळवणं कसं हिरावून घेतलं, यावर त्यात त्यांचा आसूड कडाडला आहे. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न झाडं विरुद्ध माणसं असा कधीच नव्हता. कोणत्या माणसांचा झाडाशी संबंध कायद्याने धरायचा आणि कोणत्या माणसांचा तोडायचा, असा तो होता.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. १८४१ मध्ये जर्मनीत ऱ्हाईन प्रांताच्या विधिमंडळात लाकूडचोरीचा कायदा चर्चेला आला. जंगलात गळून पडलेल्या काटक्या गोळा करणं हीसुद्धा चोरीच ठरवावी, असा जंगलमालकांचा आग्रह. चोवीस वर्षांचा एक पत्रकार, तत्त्वज्ञानात नुकतीच डॉक्टरेट घेतलेला, १८४२ मध्ये कोलोनच्या वृत्तपत्रात त्यावर लेखमाला लिहितो. त्याचं नाव कार्ल मार्क्स. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: उभ्या झाडाची फांदी तोडणं वेगळं आणि झाडाने स्वतःच टाकून दिलेली काटकी उचलणं वेगळं. जी वस्तू मालमत्तेपासून आधीच सुटली आहे, ती उचलणाऱ्याला चोर म्हणाल, तर चोरी या शब्दालाच अर्थ उरणार नाही. पुढे १८५९ मध्ये मार्क्सने स्वतः लिहून ठेवलं आहे की आर्थिक प्रश्नांकडे वळायला त्याला ज्या गोष्टींनी भाग पाडलं, त्यांतली ही एक. त्याची पुढची सगळी मतं तुम्हाला पटोत न पटोत, इथला भेद नेमका आहे.

पण आमचा प्रश्न या दोन्हींच्या मधला आहे, लक्षात घ्या. शहरातली छाटलेली फांदी आपण होऊन गळलेली नाही, आणि ज्याला ती हवी आहे त्याने ती तोडलेलीही नाही. ती तिसऱ्यानेच, वाहतुकीसाठी, विजेच्या तारांसाठी, वादळात कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून तोडली आहे. तोडणाऱ्याला ती नको आहे. तेव्हा आता शहराकडे वळू.

मुंबई शहर एकेकाळी ठाणे-कुलाब्याच्या जंगलांवर शिजत होतं. लाकूडफाटा आणि कोळसा खाड्यांतून पडावांनी बंदरावर यायचा. कोळशाच्या भट्ट्या लावायचे कातकरी. ज्यांना स्वतःच्या रानातलं कवळ तोडायला बंदी, त्यांच्याच हातच्या कोळशावर शहराचा चहा उकळायचा. पुण्यातही पेठापेठांतून लाकडाच्या वखारी होत्या. आमच्या लहानपणी वखारीत जाणं हे मुलांचं काम. मोठा काटा, त्याच्या एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात फोडलेलं लाकूड. आई बजावायची, "ओलं आणू नकोस, आणि वाजवून बघ." सुक्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो. न्हाणीघरात तांब्याचा बंब, त्यात ढलप्या. स्वयंपाकघरात चूल, नाहीतर भुशाची शेगडी. मृगाच्या आधी सरपणाची बेगमी झाली पाहिजे, हा घराघरातला नियम. रस्त्याकडेच्या झाडाची फांदी वाऱ्याने पडली तर तासाभरात नाहीशी व्हायची. ती कुणाची, असा प्रश्न कुणी विचारत नसे. जो आधी पोचला त्याची.

मग रॉकेलचे स्टोव्ह आले. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेलने 'बर्शेन' नावाने गॅस विकायला सुरुवात केली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मध्यमवर्गाच्या घरातून लाकूड हद्दपार झालं. बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला. ही फार मोठी गोष्ट झाली, तिच्याबद्दल आमची काडीइतकीही तक्रार नाही. पण त्याबरोबर आणखी एक बदल झाला, तो कुणाच्या लक्षात आला नाही. आपल्याला सरपणाची गरज उरली नाही, म्हणून आपल्या भाषेत फांदीला सरपण म्हणणंही संपलं. ती आता 'बागेचा कचरा' झाली.

कायदेही त्याच वळणाने आले. १९७५ मध्ये महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतल्या झाडांचं संरक्षण व जतन करणारा अधिनियम झाला. वृक्ष प्राधिकरण आलं, वृक्ष अधिकारी आला. झाड तोडणं या शब्दांत झाड जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं, अशी व्याख्या झाली. चांगला कायदा. तो नसता तर उरलीसुरली झाडंही गेली असती. २०१६ मध्ये घनकचऱ्याचे नवे नियम आले. बागेतला कचरा वेगळा ठेवावा, नगरपालिका सांगेल तसा द्यावा, उघड्यावर जाळू नये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. तेही योग्यच. एक नियम झाडासाठी, एक हवेसाठी. पण काटकी उचलणारं माणूस या चित्रात कुठे आहे?

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. व्याख्यानात स्वतःचं सांगू नये असा आमचा दंडक, पण आज तो मोडतो.

आम्ही राहतो त्या सोसायटीत दोन मोठे पर्जन्यवृक्ष आहेत. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस रीतसर परवानगी काढून त्यांची छाटणी केली. आम्ही तेव्हा समितीवर होतो. अंगणात फांद्यांचा ढीग पडला. दुपारी फाटकाशी एक बाई आली. पलीकडच्या बांधकामावर कामाला होती. म्हणाली, "काका, बारीक बारीक नेऊ का? चुलीला होतील." आम्ही म्हटलं, "नाही बाई, तसं देता येत नाही. ठेकेदाराचं ठरलेलं आहे." ती जरा थांबली आणि म्हणाली, "पण तुमच्या काय कामाच्या त्या?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. आम्ही उत्तर दिलं नाही. रखवालदाराने तिला बाहेर काढलं.

संध्याकाळी ठेकेदाराचा टेम्पो आला. जाड ओंडके भरून गेला. ते कुठे गेले, हे आम्ही विचारलं नाही. बारीक फांद्या आणि पाला तिथेच राहिला. "उद्या येतो," म्हणाला, तो आला नाही. आठ-पंधरा दिवस ढीग वाळत राहिला, आणि एका रात्री कुणीतरी त्याला काडी लावली. इमारतभर धूर. सकाळी बघतो तर एका झाडाची बुंध्याकडची साल एका बाजूने भाजून काळी पडलेली. ती जखम अजून भरलेली नाही. रोज फिरायला जाताना दिसते.

आता कौटिल्याची पायरी आठवा. जाड तोडेल त्याला जास्त दंड. आम्ही ती बरोब्बर उलटी केली. जाड नेणाऱ्याला फाटक उघडलं आणि काटकी मागणारीला अडवलं. आज्ञापत्रातलं विचारून, राजी करून घेणंही आम्ही उलटं केलं. तिने विचारलं, आणि विचारलं म्हणूनच तिला नकार मिळाला. न विचारता जाळणाऱ्याला कुणीच काही म्हटलं नाही. नियम आम्ही एकही मोडला नव्हता, हे विशेष.

आता कुणी म्हणेल, सर, मग काय त्या बाईला धुरात ढकलायचं? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली. चुलीचं कौतुक गॅसवर जेवणाऱ्याने करू नये. तिला गॅस मिळावा, परवडावा, हेच खरं उत्तर. २०१६ ची उज्ज्वला योजना त्यासाठीच होती. पण तो गॅस येईपर्यंत ती चूल पेटवणारच आहे. तिथे फांदी नाही मिळाली तर फळीचा रंगवलेला तुकडा, पुठ्ठा, प्लास्टिक जातं. तो धूर जास्त विषारी. तेव्हा आमच्या नकाराने तिचा धूर कमी झाला, असं आम्हाला म्हणता येत नाही.

थोडा हिशेबही मांडू. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असतं. एक किलो पाणी उडवायलाच सहाशेच्या वर किलोकॅलरी जातात, म्हणून ओलं लाकूड धुमसतं आणि धूर करतं. नीट वाळलं की पाणी पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. समजा एका मोठ्या झाडाच्या छाटणीतून ५०० किलो ओल्या फांद्या निघाल्या. वाळून त्यांचं साधारण ३०० किलो लाकूड होईल. साध्या चुलीत त्याची शंभरातली पंधरा हिस्सेच उष्णता भांड्याला लागते असं धरलं, तर ते गॅसच्या दीड-पावणेदोन सिलिंडरांइतकं काम करेल. म्हणजे शहराचा स्वयंपाक यावर चालणार नाही. तसा दावाही कुणी करू नये.

पण हाच ३०० किलोचा आकडा दुसरीकडे ओळखीचा आहे. एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. म्हणजे एका मोठ्या झाडाची छाटणी ही जवळजवळ एका माणसाची चिता आहे. विद्युतदाहिनी आहे, गॅसदाहिनी आहे, आमचं स्वतःचं तिथेच व्हावं असं आम्ही घरी सांगून ठेवलंय. पण ज्यांना लाकडावरच दहन हवं आहे त्यांच्यासाठी बाहेरून झाडं तोडून आणायची आणि शहराच्या फांद्या रस्त्यावर कुजवायच्या किंवा चोरून जाळायच्या, याला काय म्हणावं? काही शहरांत आता फांद्या भरडून, दाबून त्यांच्या विटा करतात, त्या भट्टीला किंवा स्मशानात वापरतात. ही दिशा बरी आहे.

यात एक अडचण मात्र आहे आणि ती पंचांगातली आहे. आपण छाटणी करतो मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर. वाळायला वेळच नाही. फांद्या भिजतात, बुरशी धरते, मग कुणालाच नकोशा होतात. राबासाठी कवळ तोडणाऱ्या कोकणी शेतकऱ्याने आणि मृगाच्या आधी बेगमी करणाऱ्या आमच्या आईने हे ओळखलं होतं. थंडीत तोडा, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवा, पावसाच्या आत रचून ठेवा. धोक्याची फांदी कधीही तोडावी लागेल, पण एरवीची छाटणी दिवाळीनंतर केली तर तीच फांदी कचऱ्याची पुन्हा सरपण होते. छाटण्याआधी झाडाला ठोकलेले खिळे आणि गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा तेवढ्या काढाव्या लागतील. त्या शहराच्या आहेत, झाडाच्या नव्हेत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक प्रभागात फांद्या वाळवायला एक आडोसा असावा. जाड लाकूड मोजून, नोंद करून स्मशानाला जावं, कारण चोरी जाडातच होते. बारीक काटक्या आठवड्यातून दोन दिवस ज्याला हव्यात त्याने उचलून न्याव्यात, विचारपूस न करता. पाला खताला. जिवंत झाडाला मात्र अधिकाऱ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. म्हणजे झाडाचा कायदा झाडापाशी राहील आणि पडलेल्या फांदीचा हक्क गरजेपाशी.

फांदी कुणाची, हा प्रश्न आम्ही सुरुवातीला विचारला. मालकी कुणाची याचं उत्तर वकील देतील. आम्हाला त्या बाईचा प्रश्न जास्त अचूक वाटतो: तुमच्या काय कामाच्या त्या? ज्याच्या काहीच कामाचं नाही त्याने ज्याच्या कामाचं आहे त्याला अडवावं, याला कौटिल्यात आधार नाही, आज्ञापत्रात नाही, आणि आमच्याकडेही नव्हता. ते बांधकाम केव्हाच पूर्ण झालं, ती माणसं दुसरीकडे गेली. तिचं उत्तर द्यायचं राहून गेलं. म्हणून ते आज इथे, तुमच्यासमोर दिलं: काहीच कामाच्या नव्हत्या, बाई. न्यायला हव्या होत्यास.